व्यो फार्का तूरे यांच्या मैफलीला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम आफ्रिकेतल्या माली या देशाचे गायक आणि गिटारवादक व्यो फार्का तूरे यांचा दौरा जाहीर झाला की परदेशातल्या मराठी श्रोत्यांचे प्रश्न येऊ लागतात. काही प्रश्न संगीताचे असतात, काही तिकिटांचे, तर काही आईवडिलांना बरोबर न्यावं का असे. तेच इथे एकत्र केले आहेत. शहरं आणि तारखा मात्र दिलेल्या नाहीत, कारण दौऱ्याचं वेळापत्रक शेवटपर्यंत हलत असतं. ते कलाकाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि सभागृहाच्या पानावर, असं दोन्हीकडे जुळवून पाहावं.

१. व्यो फार्का तूरे म्हणजे नक्की कोण? अली फार्का तूरे आणि हे एकच का?

नाही, ते वडील आणि हे चिरंजीव. अली फार्का तूरे (१९३९ ते २००६) हे मालीचे जगभर गाजलेले गिटारवादक. नायजर नदीकाठचं नियाफुंके हे त्यांचं गाव, आणि २००४ मध्ये ते तिथले महापौरही झाले. व्यो यांचा जन्म त्याच गावात १९८१ साली झाला. तूरे घराणं परंपरेने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं नाही. मालीत गाणं-बजावणं पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घराण्यांकडे चालत आलं आहे. त्यांना जेली किंवा ग्रियो म्हणतात. दियाबाते, कुयाते, सिसोको ही त्यांची आडनावं. तूरे त्यांच्यातले नव्हेत. त्यात संगीताच्या धंद्यात अलींनी स्वतः बरंच सोसलं होतं, म्हणून मुलाने सैन्यात जावं अशी त्यांची इच्छा होती. मुलगा आधी तालवाद्यांकडे वळला, बामाकोच्या राष्ट्रीय कला संस्थेत शिकला आणि गिटार त्याने जवळजवळ चोरूनच हातात धरली. शेवटी वडिलांनी मन वळवून घेतलं आणि आजारपणातही मुलाच्या पहिल्या अल्बमवर वाजवलं. तो अल्बम बाहेर आला तेव्हा अली हयात नव्हते.

२. नावाचा उच्चार कसा करायचा? आणि 'फार्का' म्हणजे काय?

'व्यो' (Vieux) हा फ्रेंच शब्द आहे, अर्थ म्हातारा किंवा वडीलधारा. शेवटचं अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत, त्यामुळे 'व्ह्यूक्स' म्हणू नका. ओठ गोल करून म्हटलेला 'व्यो' पुरेसा जवळचा आहे. त्यांचं खरं नाव बुरेमा.

'फार्का' म्हणजे गाढव. ऐकायला विचित्र वाटेल, पण त्यामागे आईची धास्ती आहे. अलींच्या आधीची नऊ भावंडं तान्हेपणीच गेली. दहावं मूल जगावं, दृष्ट लागू नये आणि ते गाढवासारखं चिवट निघावं म्हणून हे टोपणनाव पडलं. आपल्याकडेही मुलं जगत नसत तेव्हा दगडू, धोंडू अशी नावं ठेवत. तोच विचार इथे आहे.

३. हे अफ्रोबीट्स आहे का? म्हणजे नायजेरियातलं ते नाचाचं संगीत?

नाही. माली वेगळा देश, नायजेरिया वेगळा, आणि नायजर हा तिसराच देश. नायजर नावाची नदी या तिन्ही देशांतून वाहते, त्यामुळे गोंधळ होतो. अफ्रोबीट्स हे मुख्यतः लागोस आणि अक्रा या शहरांतलं, संगणकावर रचलेलं लोकप्रिय संगीत. व्यो यांचं संगीत उत्तर मालीतल्या सोंघाई, फुला आणि तुआरेग लोकांच्या सुरांतून आलं आहे, आणि त्याच्या मध्यभागी गिटार आहे. नाचायला मिळेल का? मिळेल, भरपूर.

४. सगळे याला 'वाळवंटातली ब्लूज' म्हणतात. मग ही अमेरिकन ब्लूजची, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताची, नक्कल का?

उलट म्हणायला जास्त आधार आहे. अलींनी अमेरिकन ब्लूज गायक जॉन ली हूकर यांचं वादन पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना ते मालीचंच संगीत वाटलं होतं. ब्लूज हा शिक्का त्यांना कधीच रुचला नाही. मूळ इथलं, फांद्या तिकडे गेल्या, असं ते सांगत.

ऐकताना जाणवणारा फरक असा: अमेरिकन ब्लूज बहुतेक वेळा बारा मात्राखंडांच्या साच्यात फिरते, आणि त्यात कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगुच्छ) ठरल्या जागी बदलतात. इथे पुष्कळदा कॉर्ड बदलतच नाही. एकच आधारस्वर, त्यावर फिरणारं एक छोटं आवर्तन, आणि त्या आवर्तनातली बारीक वळणं. ब्लूजचा कान घेऊन गेलात तर 'आता बदलेल, आता बदलेल' म्हणून वाट पाहत बसाल आणि कंटाळाल. त्यापेक्षा प्रश्न ५ मधली वाट धरा.

५. मला फक्त आपलं शास्त्रीय संगीत कळतं. या मैफलीत काय पकडून ऐकू?

तुमचा कान निम्मी वाट आधीच चालून आला आहे. तानपुरा ऐकायची सवय असलेल्या माणसाला हे संगीत लवकर उघडतं, असं आमचं ठाम मत आहे.

पहिली गोष्ट षड्ज. गाणं सुरू झालं की गिटारची सर्वांत जाड तार ऐका. अंगठा ती तार पुन्हा पुन्हा छेडत असतो, कधी ठोक्यावर, कधी किंचित मागे. बऱ्याच गाण्यांत तोच आधारस्वर असतो. मनातल्या मनात त्या स्वराशी 'सा' लावा आणि तो सोडू नका.

दुसरी गोष्ट स्वर. बरीच गाणी पाच स्वरांत बसतात. सा, कोमल ग, म, प, कोमल नि, म्हणजे आपल्या धानीचे स्वर, सारखे सापडतील. काही गाणी भूपाच्या स्वरांकडे झुकतात. पण राग ओळखण्याच्या मागे लागू नका. इथे वादी-संवादी नाहीत, आलापाची बढत नाही, आणि समयाचं बंधनही नाही. स्वरांचा संच सारखा असला तरी त्यांची चालरीत वेगळी आहे. गाण्याच्या पुष्कळ ओळी वरच्या स्वरावर सुरू होऊन पायऱ्या उतरल्यासारख्या खाली येतात आणि षड्जावर टेकतात. ती उतरण एकदा कानाला सापडली की मैफलभर साथ देते.

तिसरी गोष्ट डाव्या हाताची बोटं. एकदा तार छेडून पुढचे दोन-तीन स्वर नुसतं बोट आपटून किंवा तार ओढून सोडून काढलेले दिसतील. हे न्गोनीवरून आलं आहे. न्गोनी म्हणजे लाकडी पोकळीवर कातडं ताणलेलं, तारा छेडून वाजवायचं छोटं वाद्य. त्याचा नाद पटकन विझतो, म्हणून वादक स्वरांची झड लावतो. व्यो यांच्या विजेच्या गिटारवर तीच झड येते. ती ऐकून आपल्याकडचे लोक 'मुर्की घेतली' म्हणतात. शास्त्राने नसेल, पण कानाने ते बरोबर पकडलं आहे.

एक खराखुरा भारतीय धागाही आहे. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी १९९३ मध्ये जयपूरच्या पंडित विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेबरोबर आणि लगेच १९९४ मध्ये अली फार्का तूरे यांच्याबरोबर अल्बम केला. दोन्हींना ग्रॅमी मिळालं. दोन्ही एका संध्याकाळी पाठोपाठ ऐकून पाहा.

६. टाळ्या वाजवायला गेलं की माझा ठेका चुकतो. असं का होतं?

कारण एकाच वेळी दोन ठेके चालू असतात आणि तुम्ही एकातून दुसऱ्यात घसरता. अनेक गाणी सहा मात्रांच्या चक्रात असतात. दादऱ्याच्याही सहाच मात्रा, पण दादरा तीन-तीन असा स्पष्ट तुटतो. इथे सहाचे तीन-तीन आणि दोन-दोन-दोन असे दोन्ही भाग एकदमच ऐकू येतात. गिटार एका भागणीत, तालवाद्य दुसऱ्या.

घरी पाच मिनिटं हे करून पाहा. टेबलासमोर बसा आणि एक ते सहा सावकाश मोजत राहा. डाव्या हाताने १ आणि ४ वर टेबल वाजवा. तो पक्का झाला की उजव्या हाताने १, ३ आणि ५ वर वाजवा. दोन्ही हात फक्त १ वर एकत्र पडले पाहिजेत. सुरुवातीला उजवा हात डाव्याच्या मागे ओढला जातो आणि ४ वर पडू पाहतो. नेमकी हीच चूक मैफलीत होते. दोन्ही हात स्थिर झाले की तोंडाने मोजणं थांबवा.

प्रत्यक्ष मैफलीत टाळी नेहमी सावकाश भागणीवर, म्हणजे १ आणि ४ वर द्या. ती चुकली तरी वादकाला अडथळा होत नाही. जलद भागणीवर सगळं सभागृह टाळ्या द्यायला लागलं की लय पुढे धावते आणि ड्रमवाल्याला ती आवरत बसावं लागतं. शंका वाटली तर टाळी थांबवून पाय हलवा. गाणारा स्वतः हात वर करून टाळी दाखवतो तेव्हा त्याच्या हाताकडे पाहा, शेजाऱ्याच्या नको.

७. स्टेजवर जमिनीवर अर्धा भोपळा पालथा घालून वाजवतात, ते काय वाद्य?

भोपळाच आहे तो. त्याला कॅलाबाश म्हणतात. मोठा वाळलेला भोपळा मधोमध कापून आतून कोरलेला असतो. सतार-तानपुऱ्याचा भोपळा पाहिलेल्याला त्याचं कवच किती पातळ आणि किती टणक असतं ते वेगळं सांगायला नको. घडी केलेल्या कापडावर किंवा गादीवर तो पालथा ठेवतात. मनगटाजवळच्या तळव्याने किंवा मुठीने मध्यावर मारलं की पोटात जाणवणारा खर्ज निघतो. बोटांनी किंवा बारीक काड्यांनी कडेला मारलं की कोरडा टक्‌ टक्‌ आवाज. काही वादक बोटांत अंगठ्या घालतात, त्याने तो आवाज आणखी धारदार होतो. म्हणजे डग्गा आणि चाट एकाच वाद्यात.

मायक्रोफोन बहुधा भोपळ्याच्या खाली सरकवलेला असतो, आणि गडबड तिथेच होते. खालचं कापड सरकून मायक्रोफोनवर आलं की खर्ज दबतो. भोपळा फार उचलला गेला की सीटी वाजू लागते. पहिल्या एक-दोन गाण्यांत वादक कापड नीट करताना, ध्वनितंत्रज्ञाला खुणा करताना दिसला तर हेच चाललेलं असतं.

प्रत्येक दौऱ्यात भोपळा असेलच असं नाही. व्यो अनेकदा गिटार, बास आणि तालवादक अशा तिघांच्याच संचात येतात, आणि तालवादक पूर्ण ड्रमसेटवर असू शकतो. ड्रमसेट असेल तर संध्याकाळ जास्त दणक्याची होते (कानांसाठी प्रश्न १४ पाहा).

८. जाण्याआधी काय ऐकून जाऊ? वेळ थोडा आहे.

एकच अल्बम ऐकायचा तर २०२२ चा 'ले रासीन' घ्या. नावाचा अर्थ 'मुळं'. त्यात व्यो वडिलांच्या पारंपरिक बाजाकडे परतले आहेत. दुसरा त्याच वर्षीचा 'अली', अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या ख्रुआंगबिन या त्रिकुटाबरोबर केलेला. त्यात वडिलांचीच गाणी आहेत, पण संथ, पसरलेली, रात्री गाडी चालवताना ऐकावीत अशी.

एक सूचना: 'अली' ऐकून गेलेले श्रोते प्रत्यक्ष मैफलीत दचकतात. तिथली गिटार कितीतरी जलद आणि खरखरीत असते. म्हणून २००९ च्या 'फोंदो'तली तीन-चार गाणी तरी ऐका. वडिलांचं ऐकायचं तर कोरावादक तुमानी दियाबाते यांच्याबरोबरचा २००५ चा अल्बम घ्या. कोरा म्हणजे २१ तारांचं वाद्य. त्याची आणि गिटारची ती जुगलबंदी नव्हेच, ते दोघांनी मिळून बोलणं आहे.

९. शब्द एकही कळत नाही. गाणी कशाबद्दल असतात, आणि कुठल्या भाषेत?

मुख्यतः सोंघाई आणि बांबारा, अधूनमधून फुलफुल्दे, क्वचित फ्रेंच. विषय ओळखीचे आहेत: प्रेम, आईवडिलांचा मान, शेती आणि नदी, एकोप्याने राहणं. देशाची स्थितीही गाण्यांत येते. २०१२ मध्ये उत्तर माली सशस्त्र जिहादी गटांच्या ताब्यात गेला, तिथे संगीतावर बंदी आली, वाद्यं जाळली गेली, कलावंतांना गाव सोडावं लागलं. वाळवंटातला प्रसिद्ध संगीतमहोत्सवही त्यानंतर त्या भूमीवर पुन्हा भरला नाही. पुढच्याच वर्षी व्यो यांनी 'मों पेई', म्हणजे 'माझा देश', हा अल्बम काढला. एवढं ठाऊक असलं की शब्द न कळताही काही गाण्यांतला कळवळा पोहोचतो.

१०. तिकिटावर 'दारं ७ वाजता' लिहिलंय. गाणं किती वाजता सुरू होणार?

सातला फक्त आत सोडतात. बऱ्याच ठिकाणी आधी दुसऱ्या कलाकाराचं अर्ध्या-पाऊण तासाचं सादरीकरण, मग वाद्यं बदलायला वीस-तीस मिनिटं, आणि मुख्य मैफल साडेआठ ते नऊच्या सुमारास. ती सव्वा ते दीड तास चालते. आपल्या मैफलीसारखी ती रात्रभर लांबत नाही, कारण सभागृहाला बंद करण्याची ठरलेली वेळ पाळावीच लागते.

नेमक्या वेळा बहुधा त्याच दिवशी दुपारी सभागृहाच्या समाजमाध्यमांवर येतात. शेवटची लोकल किंवा मेट्रो आधी पाहून ठेवा आणि जेवून जा. आत फार तर चिप्स मिळतील. बसायच्या नाट्यगृहात मात्र हिशेब वेगळा: तिकिटावरच्या वेळेलाच सुरू होतं, उशिरा आलात तर गाणं संपेपर्यंत बाहेर थांबवतात.

११. तिकीट घेताना लोक कुठे फसतात?

तीन ठिकाणी. शोधयंत्रात सर्वांत वर येणारा दुवा पुष्कळदा पुनर्विक्रीवाल्यांचा असतो, आणि सभागृहात तिकिटं शिल्लक असतानाही तिथे दुप्पट भाव दिसतो. म्हणून आधी सभागृहाचं पान उघडा आणि तिथल्याच दुव्यावरून पुढे जा. दुसरं म्हणजे, दाखवलेल्या किमतीवर शेवटच्या पायरीला शुल्क चढतं. सहा जणांची तिकिटं काढून नंतर वर्गणी मागणार असाल तर शेवटचा आकडा पाहूनच सांगा. तिसरं, तिकिटाचा चौकोनी कोड. काही ॲपमध्ये तो सतत बदलतो, त्यामुळे काढून ठेवलेलं चित्र दारात चालत नाही. दारात गर्दीमुळे नेटही मिळत नाही. घरूनच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या, आणि बरोबरच्यांची तिकिटं त्यांच्या त्यांच्या फोनवर पाठवा. एकाकडेच सगळी असली की एकाच्या उशिरामुळे सगळे बाहेर उभे राहतात.

१२. आईबाबा भारतातून आलेत. त्यांना नेलं तर चालेल का?

अवश्य न्या, पण आधी 'उभं राहून' की 'बसून' ते पाहा. उभ्याच्या सभागृहात तीन तास पायांवर जातात आणि खुर्च्या मुळीच नसतात. वरची गॅलरी बहुतेक वेळा बसायची असते. ती तिकिटं थोडी असतात आणि आधी संपतात. गुडघ्यांचा त्रास असेल किंवा चाकाची खुर्ची असेल तर किमान दोन आठवडे आधी सभागृहाला मेल करा. वेगळा ओटा, लिफ्ट, कडेला खुर्ची अशी सोय बहुतेक सभागृहं करतात, आणि अनेक ठिकाणी सोबत येणाऱ्याला मोफत प्रवेश असतो. ऐन वेळी दारात विचारलं तर इच्छा असूनही त्यांना जागा काढता येत नाही.

औषधं मूळ पाकिटात ठेवा. बाहेरचा डबा आणि पाण्याची भरलेली बाटली दारात काढून घेतात. रिकामी बाटली अनेक ठिकाणी चालते, पण आधी विचारा.

१३. कुठे उभं राहिलं तर नीट ऐकू येईल?

ध्वनितंत्रज्ञाच्या टेबलाजवळ, त्याच्या जरा पुढे. तो जे ऐकून आवाज जुळवतो तेच तुम्हालाही ऐकू येतं. अगदी पहिल्या ओळीत व्यो यांची बोटं दिसतात हे खरं, पण तिथे गिटारचा अँप्लिफायर थेट तोंडावर वाजतो आणि गायनाचे भोंगे दोन्ही बाजूंना, डोक्यावरून पलीकडे जाणारे असतात. परिणामी गाणं जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि लोक घरी येऊन 'आवाज नीट लावला नव्हता' म्हणतात. मागच्या भिंतीला चिकटून उभं राहिलात तर खर्ज साठून घुमतो. आमचा सल्ला असा: पहिली दोन गाणी पुढे, बोटं पाहायला, उरलेली मैफल टेबलाजवळ.

१४. कानांना त्रास होईल का?

काळजी घेतली नाही तर होऊ शकतो. कामाच्या जागेसाठीचा प्रसिद्ध अमेरिकन निकष असा आहे: ८५ डेसिबल रोज आठ तासांपर्यंत ठीक, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला एक तास आणि १०० ला जेमतेम १५ मिनिटं. विजेच्या गिटारची मैफल १०० च्या आसपास सहज जाते.

फोमचे बोळे स्वस्त आणि कामाचे, पण ते वरच्या पट्टीतले आवाज जास्त कापतात आणि गिटारची झड बोथट करतात. संगीतासाठीचे गाळणीवाले इअरप्लग सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या खाली आणतात. थोडे पैसे जातात, वर्षानुवर्षं टिकतात. फोमचा बोळा घालताना तो आधी बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी खुपसलेला बोळा काहीच अडवत नाही.

१५. मुलांना नेता येईल का?

वयाची अट सभागृहाची असते, कलाकाराची नव्हे. मद्य विकणाऱ्या काही क्लबांत १८ किंवा अमेरिकेत २१ वर्षांखालच्यांना पालकांबरोबरही सोडत नाहीत. नाट्यगृहात आणि उघड्यावरच्या महोत्सवात बहुधा सोडतात. लहान कानांत बोळे बसत नाहीत, त्यांना डोक्यावरून घालायचे कर्णरक्षक हवेत. ते आदल्या दिवशी घरी तासभर घालून पाहा, नाहीतर मूल दहाव्या मिनिटाला काढून टाकतं.

१६. व्हिडिओ काढला तर चालेल का?

बहुतेक ठिकाणी फोनवर थोडासा चालतो. फ्लॅश नको, आणि भिंग बदलता येणारा कॅमेरा परवान्याशिवाय आत नेऊ देत नाहीत. फोन छातीच्या वर उचलू नका, मागच्याला स्टेजऐवजी तुमचा पडदा दिसतो. एक गाणं काढा आणि फोन खिशात ठेवा.

१७. आफ्रिकन गायकांवर लोक नोटा उधळतात ते पाहिलंय. आपणही द्यायच्या का?

ही प्रथा खरी आहे आणि मानाची आहे. मालीत लग्नात, बारशाला ग्रियो एखाद्याच्या कुळाची थोरवी गातो आणि ती व्यक्ती पुढे येऊन नोट हातात देते किंवा कपाळाला लावते. पण परदेशातल्या सभागृहात ती तुम्ही सुरू करू नका. मालीचे लोक पुढे जाऊन देत असतील आणि रखवालदार अडवत नसेल, तर त्यांच्यामागून दोन गाण्यांच्या मध्ये जाऊन शांतपणे द्यायला हरकत नाही. फेकायची मात्र मुळीच नाही. कलाकाराला खरोखर मदत करायची असेल तर प्रश्न १९ पाहा.

१८. फर्माईश करता येते का? 'वन्स मोअर' म्हणू का?

गाण्यांचा क्रम आधी ठरलेला असतो, त्यामुळे नावं ओरडून फारसं काही होत नाही. मधेच 'वन्स मोअर' दिल्याने तेच गाणं पुन्हा येत नाही. नाट्यसंगीताची ती रीत इथे नाही. शेवटी कलाकार आत जातात, लोक टाळ्या-आरोळ्या चालू ठेवतात आणि ते परत येऊन एक-दोन गाणी वाजवतात. सभागृहाचे दिवे लागले की खरंच संपलं. एखादी जागा आवडली की 'वाहवा' मात्र मनमोकळी द्या. मालीचे श्रोते गाण्याच्या मध्येच ओरडतात, बायका जिभेने उंच आवाज काढतात. गप्प बसणं हा तिथे आदर नव्हे.

१९. रेकॉर्ड कुठून घ्यावी?

दाराजवळच्या टेबलावर, शक्यतो मैफलीआधी. नंतर रांग लागते आणि मोठ्या मापाचे टीशर्ट संपलेले असतात. ऑनलाइन ऐकण्यातून कलाकाराला अगदी थोडं मिळतं, टेबलावरच्या विक्रीतून कितीतरी जास्त, जरी काही सभागृहं त्यातूनही टक्केवारी कापतात. कार्ड चालतंच, पण यंत्र बंद पडण्याचा अनुभव सर्रास आहे. थोडी रोकड ठेवा.

एलपी १२ इंची असते, तिला उभ्या सभागृहात बगलेत घेऊन नाचता येत नाही, सामानघरात ठेवा. भारतात नेणार असाल तर हातातल्या सामानात, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, उभी ठेवून. उन्हात उभ्या गाडीत एक दुपार राहिली तर ती वाकते आणि सरळ होत नाही.

२०. कार्यक्रम पुढे ढकलला तर पैसे बुडतात का?

पुढे ढकलला तर जुनं तिकीट नव्या तारखेला चालतं. ते जमत नसेल तर परताव्यासाठी ठरावीक मुदतीत अर्ज करावा लागतो. पूर्ण रद्द झाला तर तिकिटाचे पैसे परत येतात, शुल्काचे येतीलच असं नाही. पुनर्विक्रीवाल्याकडून घेतलं असेल तर त्याचे नियम वेगळे.

पश्चिम आफ्रिकेच्या कलाकारांच्या बाबतीत सर्वांत मोठा अडसर व्हिसाचा असतो. संचातल्या एकाचा जरी अडकला तरी मैफल हलते, किंवा तिघांऐवजी दोघेच वाजवतात. कधी घरचीच परिस्थिती बदलते. २०२३ च्या जुलैत नायजरमध्ये सत्तापालट झाला तेव्हा गिटारवादक एमदू मोक्तार आणि त्यांचे साथीदार अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. त्यांचा घरी परतण्याचा मार्गच बंद झाला, आणि राहण्या-खाण्यासाठी श्रोत्यांकडे मदत मागावी लागली. तेव्हा दुसऱ्या गावाहून येणार असाल तर गाडी आणि हॉटेल परत करता येईल असंच घ्या.

२१. भारतातून खास युरोपात जाऊन ऐकायचं आहे. किती आधी तयारी करू?

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, कागद मागितले तर ४५ पर्यंत. सुट्टीच्या हंगामात अर्जाची वेळ मिळायलाच आठवडे जातात, म्हणून तीन महिने आधी लागा. मैफलीचं तिकीट प्रवासाचं कारण म्हणून जोडता येतं, पण त्याने व्हिसा मिळण्याची हमी नसते. एकाच मैफलीसाठी जाऊ नका. शेजारच्या शहरातली दुसरी तारीख हाताशी ठेवा. एक हुकली तर दुसरी मिळते.

२२. तारीख जमत नाही. त्याच वळणाचं दुसरं कोण ऐकू?

फातूमाता दियावारा: गायिका आणि गिटारवादक, जन्म आयव्हरी कोस्टमधला, घराणं मालीचं. गाण्याची मुळं दक्षिण मालीतल्या वासुलू भागात आणि स्टेजवर अफाट ऊर्जा. ज्यांना गिटारपेक्षा गळा जास्त प्रिय आहे त्यांनी आधी यांना ऐकावं.

बोंबिनो आणि एमदू मोक्तार: दोघे नायजरचे तुआरेग, गाणी तामाशेक भाषेत. बोंबिनो नितळ, उंटाच्या चालीसारखे झुलणारे. मोक्तार डावखुरे, प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती) न वापरता बोटांनी वाजवणारे आणि फार मोठ्या आवाजाचे. प्रश्न १४ त्यांच्यासाठी दोनदा वाचा.

हबीब कोइते: ध्वनिक गिटारचे. ते गिटार पाच स्वरांत जुळवून मोकळ्या तारांवर न्गोनीसारखी वाजवतात. आईबाबांना न्यायचं असेल तर सर्वांत सोयीची मैफल यांची.

२३. मैफलीनंतर प्रत्यक्ष भेटले तर काय बोलू? इंग्रजी चालतं का?

थोडं चालतं, फ्रेंच जास्त. पण बांबारामध्ये 'अउ नि चे' म्हणा. अनेकांना उद्देशून नमस्कार आणि आभार, दोन्ही त्यातच आले. एकट्या व्यक्तीला 'इ नि चे'. रात्रीचं अभिवादन 'अउ नि सु'. सोंघाईत नमस्काराला 'फोफो'. मालीत नमस्कारानंतर लगेच कामाचं बोलत नाहीत. घरचे कसे आहेत, प्रवास कसा झाला हे आधी विचारतात. तेव्हा रेकॉर्डवर सही मागण्याआधी एवढं विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. वडिलांबद्दल बोललेलं त्यांना चालतं, पण 'तुम्ही अगदी त्यांच्यासारखं वाजवता' यापेक्षा आजच्या मैफलीतल्या एखाद्या गाण्याचं नाव घेऊन बोला. मागे रांग असते, एक मिनिट पुरे.